कान, नाक, घसा : तीन अवयव, एकच वाट

जबलपूर : भेडाघाटला नर्मदा धुवांधार धबधब्यावरून कोसळते, तेव्हा तो प्रचंड घोष म्हणजे मुळात हवेतील कंपने असतात. त्यांचा ‘आवाज’ होतो तो कानात. बाह्यकर्णातून आत आलेल्या ध्वनिलहरींनी कानाचा पडदा थरथरतो. मध्यकर्णातील हातोडी, ऐरण व रिकीब ही तीन चिमुकली हाडे ती थरथर पुढे नेतात. अंतर्कर्णातील गोगलगायीच्या शंखासारख्या पोकळीत असलेल्या केशपेशी तिचे विद्युत संदेशांत रूपांतर करतात आणि हे संदेश मज्जातंतूद्वारे मेंदूपर्यंत पोहोचतात.

पडद्याच्या दोन्ही बाजूंना हवेचा दाब सारखा असला, तरच तो नीट कंप पावतो. मध्यकर्णाला नाकामागील घशाशी जोडणारी युस्टेशियन नलिका हा समतोल राखते. एरवी मिटलेली ही नळी गिळताना किंवा जांभई देताना उघडते. विमान उतरताना बसलेले दडे आवंढा गिळताच मोकळे होतात, ते यामुळेच.

नाक श्वासातील धूळ अडवते, हवा उबदार व दमट करते. घशात अन्नाची आणि हवेची वाट एकत्र येते. घास गिळताना एक झापण श्वासमार्गाचे तोंड झाकते. तिन्ही अवयवांवर उपचार करणारे तज्ज्ञ एकच असतात, त्याचे कारण ही जोडलेली रचना होय.

सर्दीत या नलिकेचे अस्तर सुजते आणि पडद्यामागे द्रव साचू शकतो. लहान मुलांची नलिका आखूड व अधिक आडवी असल्याने त्यांना हा त्रास वारंवार होतो. अनेकदा कान दुखतही नाही, केवळ ऐकू कमी येते. हाक मारूनही ओ न देणारे किंवा वर्गात मागे पडणारे मूल हट्टी वा दुर्लक्ष करणारे ठरते. त्याच्या बोलण्याच्या विकासावरही परिणाम होऊ शकतो. अशा वेळी कानात तेल घालणे व्यर्थ असते, कारण दोष पडद्याच्या पलीकडे असतो. पडद्याला छिद्र असल्यास तेलामुळे संसर्गाचा धोका वाढतो.

द्रवामुळे आलेले बहिरेपण बहुधा बरे होते; गोंगाटाने आलेले मात्र नाही. १९०४ पासून तोफगाड्यांचा कारखाना असलेल्या जबलपूरसारख्या औद्योगिक शहरात हे विशेष महत्त्वाचे आहे. रोज आठ तास ८५ डेसिबलपेक्षा मोठा आवाज कानी पडत राहिल्यास केशपेशी नष्ट होऊ शकतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणूनच यंत्रांजवळ कर्णरक्षक वापरणे आणि सर्दीनंतर ऐकू कमी येत राहिल्यास मुलाची श्रवणचाचणी करून घेणे आवश्यक ठरते.