आदिलाबादचा कूलर किती वर्षं टिकतो?

होळी झाली की आदिलाबादच्या दुरुस्तीच्या दुकानांपुढे पत्र्याचे कूलर येऊन उभे राहतात. कुणी ऑटोत आडवा घालून आणतो, कुणी बेल्याहून, जैनथहून छोट्या मालवाहू गाडीत चढवतो. नदीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या पाटणबोरीचं गिऱ्हाईकही असतं. १९५६ मध्ये राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि या जिल्ह्यातला राजुरा-किनवट भाग तिकडे गेला, पण बाजारहाटाच्या वाटा काही पूर्ण तुटल्या नाहीत. दुकानात मराठी, तेलुगू आणि उर्दू एकाच वाक्यात येतात. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच असतो: आणखी किती वर्षं चालेल?

थंडीत याच टेबलावर वेगळं सामान असतं. केसलापूरची नागोबाची जत्रा होईपर्यंत पाणी तापवायचे रॉड आणि गीझर येत राहतात. तेलंगणातल्या सर्वांत गारठणाऱ्या भागांपैकी हा एक. जानेवारीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि मे महिन्यात ४५ च्या वर चढतो. घरातल्या वस्तूंना हे सगळं सोसावं लागतं. दुकानातल्या जाहिरातीत लिहिलेलं आयुष्य या हवेत आणि या पाण्यात जसंच्या तसं उतरेल असं समजू नये.

मी ज्या मिस्त्रींच्या शेजारी स्टूल टाकून बसलो होतो, ते या प्रश्नाला सरळ उत्तर देतच नाहीत. आधी कूलर उघडतात. तिन्ही बाजूंच्या ताट्या काढून बाजूला ठेवतात. वूडवूलच्या ताट्यांचं आयुष्य एक उन्हाळा, त्यावर चर्चा नाही. मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाड कागदी पॅडचे दोन-तीन उन्हाळे निघतात, पण क्षार बसून त्याची भोकं बुजली की हवा अडते. अशा एका पॅडवर मिस्त्रींनी बोटाने टिचकी मारली तर विटेवर मारल्यासारखा आवाज आला.

क्षारांचं हे प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे. कूलरमधलं पाणी वाफ होऊन उडतं, त्यात विरघळलेलं काहीही उडत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एका लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार योग्य मानले आहेत. दुसरं पाणी मिळतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे अगदी चांगलं पाणी धरलं आणि मोठ्या कूलरने दिवसाला १०० लिटर उडवलं, तरी रोज ५० ग्रॅम क्षार मागे राहतात. तीन महिन्यांत साडेचार किलो! बोअरचं जड पाणी असेल तर याच्या दुप्पट-तिप्पट. टाकीतलं पाणी रोज वरून भरत राहिलं आणि कधीच पूर्ण सोडून दिलं नाही, तर ते दिवसेंदिवस खारट होत जातं आणि पत्रा खायला लागतं.

पत्र्यावर जस्ताचा थर असतो. लोखंडाआधी जस्त झिजतं, म्हणून सुरुवातीची वर्षं काही दिसत नाही. जस्त संपलं की तळाच्या दुमडलेल्या कोपऱ्यातून गंज सुरू होतो, कारण पाणी तिथे साचतं आणि ब्रश तिथे पोचत नाही. मिस्त्री पेचकस उलटा धरून तळावर ठोकत जातात. आवाज बदलला की थांबतात. भोक असेल तिथे एम-सील, मग आतून पूर्ण डांबराचा हात. दरवर्षी डांबर लावणाऱ्या घरांतल्या बॉड्या पंधरा-पंधरा वर्षं टिकलेल्या त्यांनी पाहिल्या आहेत, आणि तीन उन्हाळ्यांत चाळण झालेल्याही.

एका बाईंचा कूलर असाच चाळण झालेला होता. त्या म्हणाल्या, भंगारात द्या. मिस्त्रींनी मोटर फिरवून पाहिली, दांडा हलवून पाहिला. "बॉडी गेली काकू. मोटर कायले फेकता? चांगली हाये." तीच मोटर, तोच पंखा नव्या बॉडीत बसला. या गावातल्या बऱ्याच कूलरांचं वय असंच मिश्र असतं: पंप यंदाचा, बॉडी तीन वर्षांची, मोटर एखाद्या पोराच्या वयाची.

मोटरचं आयुष्य तिच्या तारेवरच्या इन्सुलेशनवर ठरतं. विजेच्या यंत्रांच्या शास्त्रात एक जुना ठोकताळा आहे: वाइंडिंगचं तापमान दहा अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं. बहुतेक मोटरींचं गणित भोवतालची हवा ४० अंशांपर्यंत धरून केलेलं असतं. कूलरमध्ये ओल्या ताट्यांतून आलेली गार हवा मोटरवरून जाते, म्हणून ती तगते. दुपारी टाकीतलं पाणी संपलं आणि पंखा तसाच चालू राहिला, की तीच मोटर ४५ अंशांच्या लूमध्ये उभी असते. "जळालेल्या मोटरा पाण्याविना चाललेल्या असतात," हे मिस्त्रींचं निरीक्षण आणि हा ठोकताळा एकमेकांशी जुळतात.

पंखा मंद झाला म्हणून मोटर बदलायला निघालेल्यांना ते आधी कंडेन्सर बदलून देतात. छताच्या पंख्यात तो सहसा २.५ मायक्रोफॅरडचा असतो. उष्णतेने त्याची क्षमता घटत जाते आणि पंखा दरवर्षी थोडा मंद होतो, इतका हळूहळू की घरच्यांना कळतही नाही. हा स्वस्तातला सुटा भाग. तो न बदलता पंखाच टाकून दिलेला पाहिला की मला खरंच वाईट वाटतं.

नव्या बीएलडीसी पंख्यांबद्दल मात्र माझं मन दोन्हीकडे ओढतं. जुना पंखा ७५ वॅट खातो तिथे हे तीसेक वॅटमध्ये भागवतात, आणि बारा-बारा तास पंखा चालणाऱ्या गावात ही बचत मोठी आहे. पण त्यात इलेक्ट्रॉनिक कार्ड आलं. कार्ड गेलं की पेचकस, सोल्डर आणि तांब्याची तार घेऊन बसलेल्या माणसाचे हात थांबतात. कार्ड सुटं मिळालं तर पंखा जगतो, नाही तर उत्तम बेअरिंग आणि धडधाकट पाती असलेला पंखा भंगारात जातो. केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, ते चांगलंच झालं. तरी विकत घेताना दुकानदाराला विचारावंच: याचं कार्ड वेगळं मिळतं का, आणि किती वर्षं मिळत राहील?

एका बाबतीत मात्र मिस्त्री आयुष्य ताणू देत नाहीत, ती म्हणजे वायर. उन्हाने कडक होऊन तडकलेली, दोन-तीन ठिकाणी टेप गुंडाळलेली वायर, शेजारी लोखंडी बॉडी, खाली ओली फरशी. पंपाचं सील फुटलं तर वीज थेट टाकीच्या पाण्यात उतरते. विदर्भात आणि या पट्ट्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यात लहान मुलंही असतात. गिऱ्हाईक म्हणतं, यंदा चालवून घ्या, पुढच्या वर्षी बदलू. मिस्त्री ऐकत नाहीत. नवी तीन तारांची वायर टाकतात, हिरवी तार घासून स्वच्छ केलेल्या पत्र्याला स्क्रूने आवळतात, घरी अर्थिंग आहे का विचारतात आणि ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर बसवून घ्यायला सांगतात. काढलेली वायर परत देत नाहीत. कुणी पुन्हा जोडू नये म्हणून तिथेच पक्कडीने तिचे वीत-वीत तुकडे करतात, आणि मगच कूलर ऑटोत चढवू देतात.