मूक स्थापना : प्रश्न न विचारणारा संगणक

संगणकावर एखादे सॉफ्टवेअर बसवताना आपण सर्वजण एक विधी यांत्रिकपणे पार पाडतो. फाइलवर दोनदा टिचकी मारायची, समोर आलेला करार न वाचताच ‘आय अ‍ॅग्री’ म्हणायचे आणि मग ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’. एका संगणकापुरते हे ठीक आहे. परंतु १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारे नियमित साहाय्य संपले आणि आमच्या प्रादेशिक कार्यालयात पाच शाखांसाठी नव्या डेस्कटॉपची ३२ खोकी येऊन पडली, तेव्हा या विधीचा हिशेब मांडणे भाग पडले. प्रत्येक संगणकावर ११ सॉफ्टवेअर, त्यासाठी सुमारे दीड तास. म्हणजे एकूण ४८ तास केवळ ‘नेक्स्ट’ म्हणण्यात जाणार!

मी वाणिज्य शाखेची पदव्युत्तर. संगणकशास्त्राचे रीतसर शिक्षण नाही. संगणक कक्षाची जबाबदारी बदलीबरोबर वाट्याला आलेली. तरीही स्क्रिप्ट लिहिण्याचे धाडस केले. स्क्रिप्ट म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलीत एकाखाली एक लिहिलेल्या आज्ञा. संगणक त्या वरून खाली वाचतो आणि तशाच पाळतो. विंडोजमध्ये सॉफ्टवेअर बसवण्याचे काम पाहणारी ‘विंडोज इन्स्टॉलर’ ही यंत्रणा आहे. तिला आज्ञा देताना ‘क्यूएन’ ही दोन अक्षरे जोडली, की ती पडद्यावर एकही खिडकी उघडत नाही, एकही प्रश्न विचारीत नाही. यालाच मूक स्थापना म्हणतात.

दुसऱ्या शनिवारी, सुटीच्या दिवशी, आठ-आठ संगणक रांगेत मांडून स्क्रिप्ट सुरू केली. सायंकाळपर्यंत ३२ ही पडद्यांवर ‘काम पूर्ण’ ही अक्षरे उमटली होती. खरे सांगायचे तर त्या सायंकाळी मला स्वतःचे फार कौतुक वाटले. रविवारी संगणक शाखांत पोहोचले, मांडले गेले.

सोमवारी सव्वादहाला पहिला दूरध्वनी आला. पासबुक छापले जात नव्हते. अर्ध्या तासात पाचही शाखांचे दूरध्वनी आले. मी जवळच्या शाखेत धावले. नोव्हेंबर महिना, त्यामुळे हयातीचा दाखला देण्यासाठी निवृत्तिवेतनधारकांची गर्दी होती. खिडकीपाशी एक वृद्ध गृहस्थ पासबुक पुढे धरून उभे होते. दोन बस बदलून आले होते. खात्यात रक्कम जमा झाली आहे, असे खिडकीवरील कर्मचारी पडद्याकडे बोट दाखवून सांगत होती. ‘‘तुमच्या पडद्यावर असेल, बाई. माझ्या पुस्तकात कुठं आहे?’’ एवढेच ते म्हणाले. अखेर शिक्का-सहीनिशी खातेउतारा दिला, तो त्यांनी दोनदा घडी घालून पासबुकात ठेवला आणि पुन्हा कधी यायचे ते विचारून निघून गेले. त्यांच्याकडे पाहणे मला जड गेले.

दोष सापडायला दुपार झाली. प्रत्येक स्थापना संपताना संगणक एक अंक परत देतो. शून्य म्हणजे यशस्वी. ३०१० म्हणजे यशस्वी, परंतु संगणक बंद करून पुन्हा सुरू करणे आवश्यक. १६०३ म्हणजे स्थापना फसली. माझ्या यादीतील चौथ्या सॉफ्टवेअरने ३०१० हा अंक दिला होता. संगणक पुन्हा सुरू झालाच नाही, म्हणून पाचव्याने, म्हणजे पासबुक छपाईयंत्राच्या ड्रायव्हरने, बसण्यास नकार दिला आणि १६०३ कळवले. पण ते अंक वाचण्याची आज्ञा मी स्क्रिप्टमध्ये लिहिलीच नव्हती. ती पुढच्या ओळीवर गेली आणि शेवटी ‘काम पूर्ण’ असे छापून मोकळी झाली. कारण काहीही घडले तरी तेच छाप, असे मीच लिहून ठेवले होते! हाताने काम केले असते, तर पहिल्याच संगणकावर लाल फुलीची खिडकी दिसली असती. येथे चूक एकदाच झाली आणि ३२ ठिकाणी पोहोचली.

त्या शाखेचे व्यवस्थापक रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, ‘‘मेकर तुम्ही. मग चेकर कोण?’’ दहा हजारांच्या व्हाउचरलाही दुसऱ्याची मान्यता घेणारे आपण. ३२ संगणकांवर चालणाऱ्या कागदाला मात्र एकट्याच्या सहीवर सोडले होते.

सुधारित स्क्रिप्ट आता प्रत्येक अंक वाचते. ३०१० आल्यास संगणक पुन्हा सुरू करून उरलेले काम पुढे नेते. १६१८ आल्यास दुसरी एखादी स्थापना चालू आहे असे समजून थांबते. अन्य अंकावर काम तेथेच रोखते. एखादे सॉफ्टवेअर आधीच बसलेले असेल तर पुन्हा बसवीत नाही. मूळ फाइल बदललेली नाही ना, हे तिच्या ‘एसएचए-२५६’ या ६४ अक्षरी ठशावरून पडताळते. स्क्रिप्टमध्ये पासवर्ड लिहायचा नाही, कारण तो कोणालाही वाचता येतो. आणि ती प्रथम एका संगणकावर, नंतर प्रत्यक्ष छपाईयंत्र जोडून तिघांवर चालवायची. सहकाऱ्याने ओळ न् ओळ वाचल्यावरच बाकीच्यांवर.

घरी संगणक वापरणाऱ्या आपल्या ग्राहकांनाही ही सोय उपलब्ध आहे. विंडोज ११ मध्ये ‘विनगेट’ हे साधन असते. मायक्रोसॉफ्टने त्याची पहिली पूर्ण आवृत्ती मे २०२१ मध्ये आणली. आपल्या संगणकावरील, विनगेटला ओळखता येणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी ते फाइलीत उतरवून देते आणि नव्या संगणकावर त्याच यादीवरून सर्व बसवते. मात्र याच सोयीचा गैरवापर करणारे भामटेही आहेत. ‘आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करा’ असे सांगून एखादे संकेतस्थळ ‘विंडोज’ व ‘आर’ या कळा एकत्र दाबायला आणि समोर आलेल्या चौकटीत काही मजकूर चिकटवायला लावते. तो मजकूर म्हणजे एका ओळीची स्क्रिप्टच असते, आणि तिने बसवलेले सॉफ्टवेअरही मूकच असते. खरी चाचणी अशा कळा कधीच दाबायला लावत नाही. फोनवरून कोणी ‘बँकेतून बोलतोय, एवढी ओळ टाका’ म्हणाले, तर फोन ठेवावा आणि शाखेत यावे.

चौथ्या शनिवारी सुधारित स्क्रिप्ट पाचही शाखांत चालवली. या वेळी पडद्यावर ‘काम पूर्ण’ नव्हे, तर ‘११ पैकी ११’ उमटले. एका संगणकावर मात्र ‘११ पैकी ४’ ही लाल ओळ दिसली. पाहिले तर नेटवर्कची तार सैल होती. ती घट्ट केली, स्क्रिप्ट पुन्हा चालवली आणि प्रत्येक खिडकीवर एक-एक पासबुक छापून पाहिल्यावरच शाखेला कुलूप लावले.