मसुद्याची रुजवात

एकाच मसुद्यावर दोन माणसांनी एकाच क्षणी लेखणी चालवू नये, हा दप्तराचा जुना दंडक. आणि त्याचे कारण कारकुनांच्या शिस्तीपेक्षा कागदाच्या असमर्थतेतच अधिक होते, कारण कागद एका वेळी एकाच हातात राहतो आणि त्याची नक्कल झाली की मूळ व नक्कल यांत तफावत पडण्यास त्याच घटकेपासून आरंभ होतो. पुण्याच्या एरंडवण्यातील आमच्या लहानशा मंडळाने हा दंडक मोडला तो हौसेने नव्हे. कात्रजच्या तलावातून पेठांतील हौदांना पाणी पुरविणाऱ्या पेशवेकालीन नळाविषयी माहितीपुस्तिका लिहावयाची होती. लिहिणारे पाचसहा, त्यांतील निम्मे औंध-हिंजवडीकडे विखुरलेले. आणि ईमेलने फिरता फिरता मजकुराच्या ‘अंतिम’, ‘अगदी अंतिम’ व ‘आप्पांनी तपासलेली अंतिम’ अशा परस्परविरोधी प्रती निर्माण झाल्या होत्या. आप्पा म्हणजे आमचे निवृत्त मुद्रितशोधक. त्यांचा हात लागलेली प्रतच प्रमाण मानावी असा संकेत होता, परंतु ती प्रत नेमकी कोणती, याविषयीच मतभेद होता.

मंडळातील एका तरुण अभियंत्या मुलीने यावर उपाय म्हणून एका अडगळीतल्या संगणकावर, एकाच मसुद्यावर अनेकांना एकाच वेळी लिहू देणारे, इथरपॅड बसविले. या साधनाचा इतिहास सांगण्यासारखा आहे. 2008 साली ॲपजेट नावाच्या कंपनीने ते सुरू केले, 2009 च्या डिसेंबरात गूगलने ती कंपनी विकत घेऊन सेवा बंद करण्याचा मनसुबा जाहीर केला, वापरणाऱ्यांनी ओरड केली, आणि त्याच महिन्यात आज्ञावलीची मूळ संहिता सर्वांसाठी खुली झाली. पुढे 2011 च्या सुमारास स्वयंसेवकांनी ती नव्याने, हलकी करून लिहिली. मालक बदलला तरी वस्तू बुडाली नाही, याचे श्रेय त्या खुल्या संहितेला आहे. आणि एरंडवण्यातल्या खोलीत, कोणाचीही परवानगी न घेता ती चालू शकली, हेही त्या खुलेपणाचेच फळ.

इथरपॅडमध्ये प्रत्येक लेखकाच्या मजकुरास वेगळ्या रंगाची पार्श्वभूमी मिळते, आणि दूरवरून कोणी टंकन करू लागला की आपल्या डोळ्यांदेखत पडद्यावर अक्षरे उमटू लागतात. मराठीत हे दृश्य इंग्रजीहून फार निराळे दिसते. समोरचा ‘पुण्यात’ लिहीत असेल, तर क्षणभर पाय मोडलेला ‘ण्’ उघडा पडतो आणि मग ‘य’ येऊन त्याला मिळतो. ‘दि’ लिहिताना आधी ‘द’ दिसतो आणि वेलांटी मागाहून येऊन त्याच्या डावीकडे बसते. मुद्रणालयात खिळे जुळविण्यात आयुष्य घालविलेल्या आप्पांना हा क्रम विपरीत वाटला. परंतु अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवावीत, दिसण्याच्या क्रमाने नव्हे, हा निर्णय फार पूर्वी झालेला आहे. कानपूरच्या आयआयटीत आरंभ झालेले जिस्ट तंत्रज्ञान 1988 साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये वाढले. त्याच परंपरेतल्या इस्की या भारतीय संकेतप्रणालीवरून युनिकोडने देवनागरीची मांडणी उचलली, आणि तीच आज आमच्या पडद्यावर मागाहून येणाऱ्या वेलांटीच्या रूपाने दिसते.

आतली व्यवस्था मला कचेरीतल्या आवक-जावक नोंदवहीसारखी वाटली. प्रत्येक लेखकाच्या संगणकावर मजकुराच्या तीन थप्प्या असतात: मध्यवर्ती संगणकाने मंजूर केलेला, रवाना झालेला परंतु ज्याची पोच आलेली नाही असा, आणि अद्याप रवाना न झालेला. पोच आल्याखेरीज पुढची रवानगी होत नाही, आणि दोन रवानग्यांमध्ये सुमारे अर्ध्या सेकंदाचे अंतर असते. खरी अडचण उद्भवते ती दोन दूरस्थ लेखकांच्या रवानग्या वाटेत एकमेकींना ओलांडून जातात तेव्हा.

ती अडचण प्रत्यक्ष दाखविण्यासाठी त्या मुलीने, संरक्षणाची सारी व्यवस्था गाळून, एक छोटी आज्ञावली मुद्दाम लिहिली. मूळ वाक्य होते ‘सभा पुण्यात झाली’. एकाने आरंभी ‘काल’ जोडावे आणि त्याच क्षणी दुसऱ्याने ‘झाली’च्या आधी ‘वेळेवर’ घालावे, असे ठरले. संगणकाच्या हिशेबी काना, मात्रा, पायमोड व मोकळी जागा हे सारे स्वतंत्र घटक. त्यामुळे ‘झाली’च्या आधी बारा घटक होते, आणि दुसऱ्याचा हुकूम ‘बारा घटकांनंतर घाला’ असा निघाला. तो पोहोचेपर्यंत ‘काल’ आणि त्यापुढील मोकळी जागा मिळून चार घटक पुढे शिरले होते, आणि परिणामी पडद्यावर वाक्य उमटले: ‘काल सभा पुण्वेळेवर यात झाली’. सभा वेळेवर झाल्याची पुण्यातली दुर्मीळ नोंद अशी जोडाक्षराच्या पोटात अडकली! हुकूम अंमलात आणण्यापूर्वी, दरम्यान घडलेले बदल ध्यानी घेऊन बाराचे सोळा करणे, ही युक्ती क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्स यांनी 1989 साली मांडली. इथरपॅडचा डोलारा त्याच तत्त्वावर उभा आहे.

या पद्धतीत मध्यवर्ती संगणक हा एकमेव न्यायाधीश असतो, आणि तो गैरहजर असला की काम थांबते. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाऊ लागली तेव्हा हे फार जाणवले. म्हणून पुढे केव्हिन यान्स यांच्या वायजेएस या खुल्या आज्ञावली-संग्रहाच्या आधारे नवी संपादक-आज्ञावली बांधण्यात आली. त्यामागील विचार 2011 च्या सुमारास संगणकशास्त्रज्ञ शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्धान्तरूपाने मांडलेला आहे. येथे ‘बारावे’, ‘सोळावे’ अशी मोजदाद नाही. प्रत्येक अक्षरघटकाला जन्मतःच कायमची ओळख मिळते आणि आपल्या डाव्या व उजव्या शेजाऱ्याची नोंद त्याच्यापाशी राहते, त्यामुळे पुढे कितीही भर पडली तरी त्याची जागा ढळत नाही. पुसलेल्या अक्षराचीही ‘पुसले’ अशी नोंद दप्तरी उरते. एक सभासद डेक्कन क्वीनने मुंबईस जाताना खंडाळ्याच्या बोगद्यांत संपर्क तुटला असताही लिहीत राहिले. कर्जतच्या अलीकडेपलीकडे संपर्क आला, आणि त्यांचे परिच्छेद आमच्या सकाळच्या मजकुरात कोणताही तंटा न होता दाखल झाले. मात्र बोगद्यात असताना त्यांचे नाव हजेरीतून गळाले होते, कारण तीस सेकंद खबर न आल्यास हे साधन माणसास गैरहजर धरते.

इथवर सारे कौतुकाचेच. परंतु सर्व प्रती शेवटी तंतोतंत जुळतील एवढीच हमी या साधनांनी दिलेली आहे. जुळलेला मजकूर शहाणपणाचा असेल, अशी नाही. आप्पांना एके दिवशी ‘दिर्घ’ हा शब्द दिसला, आणि तोच शब्द त्याच वेळी हिंजवडीतल्या एका दक्ष सभासदालाही दिसला. दोघांनी ऱ्हस्व वेलांटी पुसली आणि दोघांनी दीर्घ वेलांटी घातली. पुसणे एकदाच घडते, घालणे मात्र दोनदा. तेव्हा सर्वांच्या पडद्यांवर, अगदी बिनचूक एकवाक्यतेने, ‘द’च्या पुढे दोन दीर्घ वेलांट्या उभ्या राहिल्या, त्यांतील दुसरी ठिपक्यांच्या वर्तुळावर निराधार.

“अगं, हे यंत्राला कळत कसं नाही?” आप्पांनी विचारले.

“आप्पा, त्याला दोन सुधारणा दिसतात. त्या एकच आहेत हे फक्त तुम्हाला कळतं,” ती म्हणाली, आणि लगेच तिने मूळ संहितेतला तो भाग उघडून दाखविला. एकाच जागी दोघांचे लेखन आले तर कोणाचे आधी लावावे, याचा निर्णय प्रत्येकाला यदृच्छेने मिळालेल्या क्रमांकावरून होतो. लहान क्रमांकवाल्याचा मजकूर डावीकडे. वय, अनुभव, शुद्धलेखनाचे ज्ञान यांना तेथे यत्किंचितही वजन नाही. आप्पांना हा नियम अन्यायाचा वाटला, तरी तो वाचावयास मिळाला याचे त्यांना समाधान झाले. आणि मला विचाराल तर खुल्या साधनाचा खरा लाभ फुकटेपणात नसून, निवाडा ज्या कलमान्वये झाला ते कलम पाहता येण्यात आहे.

जोडाक्षराच्या पोटात कोणाचाही मजकूर शिरू नये, यासाठी त्या मुलीने आता संपादकावर एक पदर चढविण्यास घेतला आहे. युनिकोडच्या 2023 मधील 15.1 या आवृत्तीने देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम केला, त्याचा तिला आधार आहे. चाचणीसाठी आप्पांनी ‘ज्योत्स्ना’, ‘कार्त्स्न्य’ अशा अवघड शब्दांची यादी करून दिली. त्या यादीतच ‘तऱ्हा’ निघाला, आणि त्यातला ऱ्ह दोन प्रकारे टंकित होतो असे आढळले: कोणी नुक्त्याचा ‘ऱ’ वापरतो, कोणी साधा ‘र’ पाय मोडून त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह ठेवतो. दिसण्यात दोन्ही सारखे, पण एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडत नाही. आमच्या मसुद्यात सध्या दोन्ही सुखेनैव नांदत आहेत. कोणता कायम ठेवावा याचा निकाल येत्या बैठकीत आप्पांनी द्यावयाचा आहे, आणि हिंजवडीच्या मंडळींनी आपला कळफलक बदलणार नसल्याचे आगाऊच कळविले आहे.