लिक्विड कूलर घेताय? आधी टेप काढा आणि कॅबिनेट मोजा

🔹 गरज आहे का? रायझन ७ ७८००एक्स३डी साध्या चांगल्या एअर कूलरवरही मजेत चालतो. आय९-१४९००के मात्र टर्बोमध्ये २५३ वॅटपर्यंत वीज खातो; त्याला ३६० मिमीचा रेडिएटर शोभतो.

🔹 माप : रेडिएटर साधारण २७ मिमी जाड, त्यावर २५ मिमीचे पंखे. म्हणजे वरच्या बाजूला ५२ मिमी मोकळी जागा हवी. उंच रॅम असेल तर नेमकी तिथेच अडते. सॉकेटही तपासा : एएम५ की एलजीए१७००?

🔹 बसवताना : पंपाच्या तांब्याच्या तळावरची पारदर्शक फिल्म आठवणीने काढा. पेस्ट आधीच लावलेली असेल तर वर आणखी थापू नका. स्क्रू तिरपे, आळीपाळीने, थोडेथोडे आवळा.

🔹 रेडिएटर कुठे? कॅबिनेटच्या छताला उत्तम. पुढे लावलात तर त्याचे वरचे टोक पंपापेक्षा उंच हवे. लूपमधली हवा वर चढते. पंपच सर्वांत उंच असेल तर हवा तिथे साठते, गुरगुर ऐकू येते आणि पंपाचे आयुष्य घटते.

🔹 वायर : पंप ‘एआयओ पंप’ हेडरला, पंखे ‘सीपीयू फॅन’ला. बायोसमध्ये पंप पूर्ण वेगाने ठेवा.

आणि हो, लिक्विड कूलर म्हणजे एसी नव्हे. खोलीत ४० अंश असतील तर प्रोसेसर त्याखाली जाणार नाही. विदर्भातल्या मंडळींनी मे महिन्यातले आकडे बघून घाबरू नये!

तुमचं कॅबिनेट आणि प्रोसेसर कोणता? कमेंटमध्ये लिहा, माप जुळतं का बघू.