मुरूम, खडी आणि सायकल

विद्यार्थीमित्रांस सायकल म्हणजे काय हें सांगावयास नको. सकाळीं प्रार्थनेच्या घंटेपूर्वीं शाळेच्या आवारांत चिंचेखालीं जो सायकलींचा मेळा भरतो, त्यांतील निम्म्याहून अधिक सायकली मुरमाचा रस्ता तुडवून आलेल्या असतात, हें त्यांच्या मडगार्डावरील तांबूस धुळीवरूनच कळतें. असें असतां नाताळच्या सुटीपूर्वीं नववींतील एका विद्यार्थ्यानें मला एक प्रश्न विचारिला: “सर, मुंबईचे लोक दोन-दोन लाखांची सायकल घेऊन आमच्या पाड्याच्या रस्त्यावर कशासाठीं येतात? त्यांच्याकडे तर डांबरी आहे.” या प्रश्नाचें उत्तर मला त्या वेळीं नीटसें देतां आलें नाहीं. तें येथें देण्याचा प्रयत्न करितों.

त्या पाहुण्यांच्या सायकलीस ‘ग्रॅव्हल बाइक’ म्हणतात. आपण तिला खडीवरची सायकल म्हणूं. दिसावयास ती शर्यतीच्या सायकलीसारखी असते. हँडल तसेंच खालीं वांकविलेलें, सांगाडा हलका, वजन दहा किलोच्या आसपास. परंतु टायर रुंद असतात, ब्रेक चाकाच्या मध्यावरील पोलादी चकतीवर बसतात, आणि चढाकरितां हलके गिअर असतात. अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांत मैलोगणती कच्चे रस्ते आहेत. तेथील एम्पोरिया गांवाभोंवतीं २००६ सालीं अशा रस्त्यांवरील एक लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली आणि पुढें ती फार नांवाजली. तेथील गारगोटीसारखे दगड इतके धारदार कीं साधे टायर चिरून जात. त्याच्याही आधीं, १९९७ सालीं, इटलींतील तोस्काना प्रांतांत जुन्या सायकलींवर बसून पांढऱ्या मातीच्या रस्त्यांनीं फिरण्याचा एक उत्सव निघाला होता. हे रस्ते डांबराखालीं गडप होऊं नयेत हा त्याचा एक हेतु होता. या हेतूकडे आपणांस पुढें पुनः वळावयाचें आहे. २०२२ पासून तर या प्रकारची जागतिक अजिंक्यपदाची शर्यतही भरूं लागली, आणि पहिली इटलींतच झाली.

आतां टायर रुंद कशासाठीं, हें पाहूं. हा विषय पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतील दाबाच्या धड्यांत येतो. पण मुलें तो धडा पाठ करितात आणि सायकलीवर बसतांना विसरतात. समजा, स्वार व सायकल मिळून मागील चाकावर ४२ किलो भार पडतो. टायरमध्यें दर चौरस सेंटिमीटरास ७ किलो इतकी कडक हवा भरली, तर तो भार पेलण्यास जमिनीशीं सुमारें ६ चौरस सेंटिमीटरांचा स्पर्श पुरतो. तीच हवा ३ किलोंवर आणली, तर १४ चौरस सेंटिमीटर लागतात. म्हणजे मऊ टायर जमिनीवर अधिक पसरतो, मुरमांत कमी रुततो, आणि दगड आला कीं त्यावर आपटून न उसळतां त्याला आपल्या अंगांत सामावून घेतो. मग सर्वांनींच हवा कमी कां भरूं नये? कारण अरुंद टायरमध्यें हवा कमी असली कीं दगडाच्या धारेवर ट्यूब कांठाशीं चेंगरते व तिला सापाच्या दंशासारखीं दोन भोकें पडतात. टायर रुंद असेल तरच मऊ हवा सोसते. सारें मर्म एवढेंच आहे. हवेचा टायर प्रथम प्रचारांत आणणाऱ्या डनलॉप यांनींही, १८८८ सालीं बेलफास्ट येथें, तो आपल्या लहान मुलाच्या तिचाकीला बसविला होता तो धक्के कमी बसावे म्हणूनच. ते व्यवसायानें गुरांचे डॉक्टर होते!

हें समजाविल्यावर मीं मुलांना पट्टी घेऊन चिंचेखालीं नेलें. आपल्या शिपायांची जुनी काळी सायकल तेथें उभी होती. तिच्या टायरवर २८ गुणिले दीड असा आंकडा आहे. दीड इंच म्हणजे सुमारें ३८ मिलिमीटर. या मापाचा टायर रुंदींत ४० मिलिमीटर धरितात. खडीवरच्या महागड्या सायकलीचे टायरही ३५ ते ५० मिलिमीटरांचेच असतात. मुलें आश्चर्यानें एकमेकांकडे पाहूं लागलीं. दूधवाले, पोस्टमन, जंगलखात्याचे रखवालदार आणि खेड्यांतील शिक्षक ज्या सायकलीवर आयुष्यभर फिरले, ती कच्च्या रस्त्यांसाठींच घडविलेली होती. तिला कोणी निराळें नांव दिलें नाहीं, एवढेंच.

उणें आहे तें गिअरचें. काळ्या सायकलीच्या पुढील चक्रास ४४ व मागील चक्रास १८ दांते धरले, तर पायटा एकदां फिरविल्यानें ती सुमारें साडेपांच मीटर पुढें जाते. सपाटीवर हें ठीक. पण चढावर, पाठीवर दप्तर आणि मागें धाकटी बहीण असतांना, साडेपांच मीटरांचा एक फेरा गुडघ्यांस भारी पडतो. पाहुण्यांच्या सायकलीस दोन्हीकडे ४० दांत्यांचें चक्र लावतां येतें. मग एका फेऱ्यास सव्वादोन मीटरच, परंतु चढ बसल्या बसल्या चढतां येतो. काळ्या सायकलीचे दांडीचे ब्रेक पावसांत केवळ समाधानापुरते असतात, हेंही खरें.

सायकलीविषयीं इतकें पुरे, आतां रस्त्याविषयीं. आमच्या भागांत ‘कच्चा’ या एका शब्दांत तीन निराळे रस्ते येतात. पहिली पायवाट, जी बैलगाडीनें रुंद होते. दुसरा मुरमाचा. मुरूम म्हणजे सह्याद्रीचा काळा पाषाणच. तो ऊनपावसानें कुजून भुसभुशीत झाला कीं खणून काढितात. तिसरा खडीचा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मॅकॅडम नामक स्कॉटिश गृहस्थानें दाखवून दिलें कीं, फोडलेल्या लहान खड्यांचे थर नीट दाबले तर ते एकमेकांत अडकून बसतात आणि पाणी वाहून जाईल असा टणक रस्ता तयार होतो. आजही खडी, तिच्या सांदींत मुरूम, वर पाणी आणि मग रोलर, अशीच रीत आहे. डांबर हा सर्वांत शेवटला थर. पाड्यांवरील पालकांस ठाऊक आहे कीं, हा शेवटला थर पुष्कळदां येतच नाहीं. खडी पडते, पावसाळा येतो, मुरूम वाहून जातो, आणि रस्त्यावर सुटी खडी उरते. ज्याला पाहुणे ‘उत्तम ग्रॅव्हल’ म्हणतात, तो पुष्कळ वेळां अर्धवट राहिलेला रस्ता असतो.

सर्वच तसे नाहींत. कालव्याचा रस्ता पाहा. कासा गांवाच्या पलीकडे सूर्या नदीवर धामणीचें मोठें धरण आहे, आणि त्याच्या खालच्या अंगास कवडासचा बंधारा. तेथून निघालेले कालवे डोंगरांच्या कडेकडेनें शेतांकडे जातात, व कालव्याच्या बांधावर देखरेखीसाठीं मुरमाचा रस्ता असतो. हा रस्ता साप गेल्यासारखा वळसे कां घेतो, हें मुलांनीं कधीं विचारिलें आहे काय? पाणी आपल्या भारानेंच वाहावें म्हणून मोठ्या कालव्याला अत्यंत थोडा उतार देतात, कांहीं हजार मीटरांत एखादा मीटर. तेवढाच उतार राखावयाचा तर टेंकडी फोडावी लागेल, नाहीं तर तिला वळसा घालावा लागेल. वळसा स्वस्त पडतो. ओढा आडवा आला तर कालवा त्याच्यावरून मोरीनें जातो. म्हणून त्या बांधावर सायकलस्वारास चढ असा लागतच नाहीं. एका बाजूस संथ पाणी, दुसऱ्या बाजूस साग, ऐन, खैर, मधूनच ताडांची रांग, आणि खालीं भाताचीं खाचरें. या जिल्ह्यांत याहून सुखाची सायकलची वाट मला माहीत नाहीं. मात्र ती जलसंपदा खात्याची आहे. मनाई असेल तेथून परतावें, आणि धरणाची भिंत व दरवाजे यांपाशीं परवानगीवांचून जाऊं नये.

धामणीचा जलाशय थंडीच्या सकाळीं पाहावा. धुकें उठेपर्यंत पाणी कोठें संपतें व डोंगर कोठें सुरू होतो हें कळत नाहीं. परंतु पालकांपैकीं कांहींजण हें वाचतांना निराळेंच कांहीं पाहत असतील. त्या पाण्याखालीं शेतें आहेत. तेथून उठविलेल्या आदिवासी कुटुंबांच्या वसाहती चंद्रनगर व हनुमाननगर येथें झाल्या. ज्या पाण्यासाठीं तीं उठलीं, त्यांतलें पुष्कळसें आतां वसई-विरारसारख्या शहरांच्या नळांस जातें. सायकलीवरून येणारा पाहुणाही कदाचित् तेंच पाणी पिऊन निघालेला असतो.

तलासरीकडे कुर्झे धरणाचा तलाव आहे. त्याच्या लगतच दापचरी येथें मुंबईतील म्हशींचे गोठे शहराबाहेर नेण्यासाठीं शासनानें मोठा दुग्धप्रकल्प काढिला होता. तो आज पूर्वीसारखा चालत नाहीं. पण त्याचे आंतील रस्ते आहेत, दोहों बाजूंस कमरेइतकें गवत, आणि तलावावर हिंवाळ्यांत पाणपक्षी. महामार्ग एवढ्या जवळ असून येथें त्याचा आवाज येत नाहीं. याच तालुक्यांत झरी हें गांव आहे. मे १९४५ मध्यें वेठ व गुलामगिरी यांविरुद्ध झरीस सभा भरली, तेव्हां हजारों वारली स्त्रीपुरुष रानांतील वाटा तुडवीत पायीं तेथें जमले. इतिहासाच्या पुस्तकांत हें एका ओळींत संपतें. त्या गांवच्या वाटेनें उन्हांत एकदां जाऊन पाहिलें म्हणजे ती ओळ मोठी होते.

समुद्राच्या बाजूस घोलवड-बोर्डीकडे चिकूच्या वाड्या लागतात, आणि तेथून आंत बारडाच्या डोंगराच्या पायथ्याशीं असवलीचें लहानसें धरण आहे. याच डोंगरांतील गुहांत, संजाण पडल्यावर पारशी लोकांनीं आपला पवित्र अग्नि बारा वर्षें जपून ठेविला अशी परंपरा आहे. तोच अग्नि १७४२ पासून उदवाड्यास आहे. डोंगरावर सायकल नेण्याचा हट्ट मात्र धरूं नये. पायथ्याशीं ठेवून चालावें.

केव्हां जावें? दिवाळीनंतर. पावसाळ्यांत मुरूम लोण्यासारखा होतो, आणि शेतांतली माती चाक व मडगार्ड यांच्यामध्यें अशी भरते कीं सायकल खांद्यावर घ्यावी लागते. ऑक्टोबरच्या उन्हानें तो आंवळून येतो व जानेवारीपर्यंत उत्तम राहतो. पुढें गाड्यांनीं त्याचें पीठ होतें. सुट्या खडीवर हँडल घट्ट आवळून धरूं नये. पुढचें चाक थोडें भटकूं द्यावें, तें आपण होऊन वाट काढितें. पायटा सावकाश पण अखंड फिरवावा, आणि वेग कमी करावयाचा तो वळणाच्या आधीं. वळणांत पुढचा ब्रेक दाबल्यास काय होतें हें मीं कालव्याच्या बांधावर स्वतः पाहिलें आहे. सुदैवानें पाण्याच्या बाजूस न पडतां शेताच्या बाजूस पडलों. कोपर सोलवटलें, आणि भात झोडणाऱ्या बायकांनीं काम थांबवून मनमुराद हंसून घेतलें. नंतर त्यांतील एकीनें जखमेवर पाणी ओतलें. वाटेवर भात वाळत घातलेलें असेल तर उतरून कडेनें जावें, कितीही रुंद टायर असला तरी.

आतां त्या इटलीच्या उत्सवाची गोष्ट. गेल्या हिंवाळ्यांत शहरांतील सायकलस्वारांची एक टोळी मला पाण्याच्या टाकीपाशीं भेटली. सभ्य मंडळी होती. त्यांपैकीं एकजण म्हणाले, “गुरुजी, एवढा सुंदर रस्ता आहे, हा डांबरी होऊं देऊं नका.” मलाही क्षणभर तें पटलें, कारण मुरमावर चाकाचा जो खसखस आवाज येतो तो मला प्रिय आहे. तोस्कानांतील लोकांनीं आपले पांढरे रस्ते राखिले तें योग्यच केलें. त्यांना दवाखान्यास जाण्यास दुसरे रस्ते होते. आमच्या कित्येक पाड्यांस तो एकच रस्ता असतो. रात्रीं बाळंतिणीला झोळींत घालून सुट्या खडीवरून नेणाऱ्या माणसांना त्या खडीचें सौंदर्य कोणत्या तोंडानें सांगावें? मीं त्या गृहस्थांस कालव्याचा बांध दाखविला. तेथें डांबर कोणी मागत नाहीं. तीं मंडळी तिकडे गेलीं आणि, मला वाटतें, सुखी झालीं.

ज्या विद्यार्थ्यानें प्रश्न विचारिला होता, त्याच्या पाड्यावर मी जानेवारींत सायकलीनें गेलों. तो पुढें, मी मागें. त्याची सायकल थोरल्या बहिणीची आहे; तिला ती शाळेंत असतांना शासनाच्या योजनेंतून मिळाली होती. तिला गिअर नाहींत, तरी तो प्रत्येक चढावर माझ्या आधीं वर पोंचून थांबत असे. ओढ्यापर्यंत खडी पडलेली होती. ओढ्यावर मोरी नाहीं. “पावसांत काय करितोस रे?” मीं विचारिलें. त्यानें अलीकडच्या एका घराकडे बोट दाखविलें. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत सायकल त्यांच्या पडवींत ठेवितो, तेथपर्यंत पाण्यांतून चालत येतो, आणि ओढा फार चढला असला कीं त्या दिवशीं येत नाहीं. हजेरीपटावर त्या दिवसांपुढें मीं आजवर ‘गैरहजर’ एवढेंच लिहीत आलों होतों.