आस्थापनेतील सन्मानाची वागणूक आणि कर्मचाऱ्यांचे कार्यसमाधान

प्रस्तावना : कार्यसमाधान केवळ वेतनावर अवलंबून असते, हा समज अपुरा आहे. काय मिळाले हा वितरणात्मक न्याय होय. निर्णय कोणत्या पद्धतीने झाला हा प्रक्रियात्मक न्याय होय. बीस व मोग या अभ्यासकांनी १९८६ मध्ये त्यात आंतरक्रियात्मक न्यायाची भर घातली. निर्णय राबविताना व्यक्तीशी कसे वागले गेले, हा त्याचा गाभा आहे. जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी १९९३ मध्ये त्याची दोन अंगे वेगळी केली : सन्मानाची वागणूक आणि प्रामाणिक माहिती.

संशोधनाचा आधार : ग्रीनबर्ग यांचा १९९० चा अभ्यास बोलका आहे. एकाच कंपनीच्या दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी १५ टक्के वेतनकपात झाली. एका ठिकाणी कारणे सविस्तर सांगून खेद व्यक्त केला गेला, दुसऱ्या ठिकाणी त्रोटक सूचना दिली गेली. दुसऱ्या कारखान्यात मालाची चोरी लक्षणीयरीत्या अधिक आढळली. कपात सारखीच होती. फरक वागणुकीचा होता.

अंजनवेलचा संदर्भ : गुहागर तालुक्यातील अंजनवेलच्या दाभोळ वीज प्रकल्पात १९९९ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. वीजदराच्या वादातून राज्य वीज मंडळाने खरेदी थांबविली व २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. २००५ मध्ये तो रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे आला. अशा घडामोडी स्थानिक पर्यवेक्षकाच्या हाती नसतात. मात्र बातमी गावातील चहाच्या टपरीवर कळण्याआधी कामगाराला सांगणे, कायम व कंत्राटी कामगारांशी एकाच आदराने बोलणे आणि ठाऊक नसलेल्या गोष्टीचे खोटे आश्वासन न देणे, हे कोणत्याही प्रकल्पातील पर्यवेक्षकाच्या हाती असते.

मर्यादा व निष्कर्ष : सन्मान हा रास्त वेतनाचा पर्याय नव्हे. गोड शब्दांनी अन्याय झाकला, तर विश्वास अधिकच ढासळतो. तथापि साधने अपुरी असतानाही ज्याला खर्च लागत नाही, असा न्याय हाच आहे. आपल्या महाविद्यालयांतही तासिका तत्त्वावरील सहकाऱ्याला पुढील सत्रात काम आहे की नाही, हे वेळेवर व समोर बसवून सांगितले जाते का? कार्यसमाधानाचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापकांनी पहिली प्रश्नावली आपल्याच विभागात भरून घ्यावी.