धीर केव्हां, धडाडी केव्हां?

दिवाळीच्या सुटींत चिंचोके पणाला लावून पत्ते खेळण्याची गंमत नांदेड-लातुराकडील आपणांपैकीं पुष्कळांनीं अनुभवली असेल. आज त्याच जातीच्या एका परदेशी खेळाविषयीं, पोकरविषयीं, बोलावयाचें आहे. मध्यंतरीं याच्या नऊ-दहा जणांच्या छोट्या स्पर्धा मोबाइलवर पैसे लावून चालत. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. असे खेळ चालविणाऱ्यास त्यांत ३ वर्षांपर्यंत कारावास व १ कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. तेव्हां पैसा बाजूस ठेवूं. पण त्या स्पर्धेंतील हिशेब उद्बोधक आहे, व तो घरीं चिंचोक्यांवरहि पडताळतां येतो.

समजा, नऊ जण बसले आहेत. प्रत्येकाजवळ १०० चिंचोके. ते संपले कीं खेळाडू बाद. बक्षीस १०० वड्यांचें : पहिल्यास ५०, दुसऱ्यास ३०, तिसऱ्यास २०, चौथ्यास कांहीं नाहीं. प्रत्येक डावांत दोघांना आळीपाळीनें सक्तीची बोली लावावी लागते, आणि ती ठराविक वेळानें वाढत जाते.

आरंभीं ही बोली १ व २ चिंचोक्यांची असते. तीन चिंचोक्यांसाठीं शंभर धोक्यांत घालणें शहाणपणाचें नाहीं. हातीं येणाऱ्या दोन पानांची जोडी १७ डावांत सरासरी एकदां जमते; दोन एक्के तर २२१ डावांत एकदां. शिवाय चिंचोके दुप्पट झाले म्हणून वड्यांची आशा दुप्पट होत नाहीं; सारे ९०० चिंचोके जिंकले तरी ५०च वड्या मिळावयाच्या. म्हणून येथें धीर धरावा.

पुढें बोली १० व २० होते. आतां एका फेरीस ३० चिंचोके जातात. शंभर असले तर जेमतेम तीन फेऱ्यांचें आयुष्य उरलें. चिंचोक्यांना फेरीच्या खर्चानें भागून येणाऱ्या या आंकड्यास पॉल मॅग्रिएल यांच्या नांवावरून ‘एम’ म्हणतात. तो घटला कीं वाट पाहणें हाच मोठा धोका. मग साधारण पानांवरहि आधीं आपणच सर्वस्व पुढें सारावें. कारण प्रतिस्पर्धी पानें टाकून देण्याचा संभव असतो. मागाहून होकार देणाऱ्यास हा लाभ नाहीं. त्याला पानेंच सरस लागतात.

खरी कसोटी चौघे उरल्यावर. प्रत्येकाजवळ २२५ चिंचोके धरा. प्रत्येकाच्या आशेचें मोल २५ वड्या. दोघांनीं सर्वस्व पणाला लावलें, तर हरणाऱ्याचें मोल शून्य. जिंकणाऱ्याचें मात्र ५० नव्हे, सुमारें ३८. उरलेल्या १२ वड्या कोठें गेल्या? स्वस्थ बसलेल्या दोघांकडे! त्यांचें मोल न खेळतां प्रत्येकीं ३१ च्या जवळ पोंचलें. म्हणून येथें होकार देण्यास शंभरांत सुमारें ६५ वेळां जिंकण्याची खात्री हवी. निम्मी आशा पुरत नाहीं. पहिला येण्याची शक्यता चिंचोक्यांच्या प्रमाणांत धरण्याची ही रीत हार्व्हिल यांनीं १९७३ मध्यें घोड्यांच्या शर्यतीसाठीं मांडली. माल्मुथ यांनीं १९८७ मध्यें ती पोकरला लावली. ज्याची रास मोठी त्यानें मात्र या वेळीं दडपण वाढवावें. इतरांना बाद होण्याचें भय असतें.

शेवटीं दोघेच उरले कीं हें भय संपतें. ३० वड्या दोघांनाहि निश्चित. झगडा उरलेल्या २० पुरता. आतां आशा चिंचोक्यांच्या सरळ प्रमाणांत असते, आणि सक्तीची बोली प्रत्येक डावांत दोघांवरहि पडते. येथें धडाडी हवी.

थोडक्यांत, धडाडी हा स्वभावाचा नव्हे, वेळेचा प्रश्न आहे. हरल्यावर चिडून बोली वाढविणारा हा हिशेबच विसरतो. पैशांच्या खेळांत तर प्रवेशाच्या रकमेंतून चालक आपला हिस्सा आधींच काढून घेई. म्हणजे सारे सारखेच निपुण असते, तरी सरासरीनें प्रत्येकजण तोट्यांतच. घरांतील तरुणास ‘खेळूं नको’ एवढेंच सांगण्यापेक्षां चिंचोके मांडून हा हिशेब एकदां त्याच्याकडूनच करवून घ्यावा. तो त्याला अधिक काळ स्मरेल.